घरी रंगीत रोल धुताना तापमान: ३७.८ अंश नेमके कुठे आणि किती वेळ?

अंधारखोली

नमस्कार मंडळी,

इथे कृष्णधवल रोल घरी धुणारे बरेच जण आहेत. पण रंगीत रोलचा विषय निघाला की गाडी एकाच वाक्यावर येऊन थांबते: "तापमानाचं ते प्रकरण घरी जमणारं नाही." मला हे मनापासून खटकतं. गावोगावच्या लॅब बंद झाल्या, रोल कुरियरने दुसऱ्या शहरात पाठवावे लागतात, आणि न्हाणीघरात बसून होण्यासारखं काम एका आकड्याच्या धाकाने अडून राहतं. तो आकडा कशासाठी आहे, कुठे पाळायचा आणि कुठे सैल सोडायचा, हे एकदा नीट मांडावं म्हणून हा धागा.

कोडॅकने सी-४१ प्रक्रिया १९७२ मध्ये आणली. आज बाजारात मिळणारे जवळपास सगळे रंगीत निगेटिव्ह रोल तिच्यातच धुतले जातात. डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) ३७.८ अंश सेल्सिअस, वेळ ३ मिनिटं १५ सेकंद. डेव्हलपरला दिलेली सूट अधिक-उणे ०.१५ अंश, आणि हे वाचूनच लोक माघार घेतात. पण कोडॅकच्या त्याच तक्त्यातली पुढची ओळ वाचा. ब्लीच, फिक्सर, मधली धुलाई, शेवटचं स्टॅबिलायझर हे सगळं २४ ते ४१ अंशांमध्ये कुठेही चालतं. सतरा अंशांची मोकळीक आहे! पंचवीसेक मिनिटांच्या कामात खरी काटेकोर अशी सव्वातीन मिनिटंच.

असं का? ब्लीच आणि फिक्सर यांचं काम पूर्ण व्हायचं असतं. फिल्मवरच्या सगळ्या चांदीचं ब्लीचमध्ये रूपांतर झालं, फिक्सरमध्ये ती सगळी निघून गेली, की संपलं. दोन मिनिटं जास्त ठेवलं तरी काही बिघडत नाही. डेव्हलपरचं काम मात्र आपण मध्येच तोडतो. शिवाय रंगीत फिल्ममध्ये एकावर एक थर असतात: सर्वांत वर निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देणारा, ज्यात पिवळा रंग तयार होतो, मध्ये हिरव्याचा, त्यात मॅजेंटा, तळाशी तांबड्याचा, त्यात सायन. डेव्हलपर वरच्या थराला लगेच भेटतो, तळाच्या थरापर्यंत त्याला जिलेटिनमधून झिरपत जावं लागतं. तिन्ही थर एकाच क्षणी हव्या त्या घनतेला पोचावेत अशी त्यांची रचना ३७.८ अंश आणि सव्वातीन मिनिटं धरून केलेली आहे. तापमान घसरलं की तिघांचा वेग सारखा कमी होत नाही. मग सावल्यांत एक झाक येते आणि उजेडाच्या भागात दुसरीच. त्यावर व्हाइट बॅलन्सचा एक काटा फिरवून भागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे ३७.८ अंश टाकीच्या (फिल्म भरून रसायन ओतायच्या बंद डब्याच्या) आत, फिल्मच्या अंगाला लागलेल्या डेव्हलपरचे हवेत. टाकी ज्यात बसवतो त्या टबमधल्या पाण्याचे नव्हेत. हिशोब करून पाहा. प्लास्टिकची टाकी, फिल्म गुंडाळायचं रीळ आणि मधली नळी मिळून समजा पाव किलो वजन, खोली २२ अंश. त्यात ३७.८ अंशांचा अर्धा लिटर डेव्हलपर ओतला. प्लास्टिकची उष्णताधारणा पाण्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाची धरली तरी दोघं एका तापमानाला येईपर्यंत डेव्हलपर ३५.५ च्या आसपास उतरतो. ओतल्या ओतल्या दोन अंश गेले, आणि टबातला थर्मामीटर अजून ३८ च दाखवतोय. घरी रंग बिघडतात त्याचं मुख्य कारण हे आहे, यंत्र नसणं हे नाही.

उपाय बिनखर्चाचा आहे. फिल्म भरलेली बंद टाकी आधी टबात बसवायची. मग ३९ अंशांचं साधं पाणी आत ओतून मिनिटभर ठेवायचं, ओतून द्यायचं, पुन्हा एकदा तेच. टाकी, रीळ, फिल्म सगळं गरम झालं की डेव्हलपर आत जाऊन दचकत नाही. बाहेर पडणारं पाणी रंगीत दिसलं तर घाबरू नका, फिल्मच्या मागचा रंग धुऊन येतो.

माझी मांडणी: मोठा प्लास्टिकचा टब, त्यात पंधरा लिटर पाणी, टाकी आणि सगळ्या बाटल्या गळ्यापर्यंत बुडालेल्या. एवढं पाणी स्वतःहून फार सावकाश निवतं. अंश-पाऊण अंश घसरलंच तर गीझरचं ६० अंशांचं अर्धा लिटर पाणी टाकून हलवायचं, साधारण पाऊण अंश वर येतं. हा अंदाज हाताला बसला की कुठल्याही यंत्राशिवाय काम चालतं.

नवा_गडी

फार उपयोगाचा धागा, वेळेवर आला. नुकताच घरी पहिला रंगीत रोल धुतला. स्कॅन केल्यावर सावल्यांत हिरवट-निळसर झाक आहे, आकाश आणि पांढरे शर्ट गुलाबीकडे झुकलेत. एक सुधारलं की दुसरं बिघडतं. टबात ३८ होते, वेळही घड्याळ लावून पाळली. कॅमेऱ्यात एक्स्पोजर कमी पडलं असेल का?

अंधारखोली

@नवा_गडी, निगेटिव्ह खिडकीसमोर धरा आणि कडेला छापलेले आकडे व रोलचं नाव बघा. ती अक्षरं कारखान्यातच प्रकाश देऊन उमटवलेली असतात, तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नाही. अक्षरं ठसठशीत असतील आणि चित्र विरळ असेल तर एक्स्पोजर कमी. अक्षरंच फिकी असतील तर डेव्हलपर कमी पडला. त्याच कंपनीचा लॅबमध्ये धुतलेला जुना रोल घरात असेल तर शेजारी ठेवून पाहा.

टाकी आधी गरम केली होती का? आणि खोली किती होती?

नवा_गडी

अक्षरं फिकी आहेत, ताईच्या लग्नातल्या जुन्या निगेटिव्हशी ताडून पाहिली. टाकी गरम करायची असते हे रसायनांच्या किटच्या कागदावर मला दिसलं नाही. खोली २०-२१ असेल.

अंधारखोली

मग उत्तर मिळालं. पुढच्या वेळी एक करा: डेव्हलपर परत बाटलीत ओतताना त्याचं तापमान मोजा. ओततानाचं आणि काढतानाचं हे दोन आकडे वहीत लिहिले की टाकीच्या आत काय चाललं होतं ते कळतं. ३८.१ ला आत गेला आणि ३७.५ ला बाहेर आला तर सरासरी जागेवर आहे, निश्चिंत राहा. ३८ ला जाऊन ३५ ला आला तर टब काहीही दाखवो, तो रोल ३८ ला धुतलेला नाही.

वेळेचंही तसंच. सव्वातीन मिनिटं म्हणजे १९५ सेकंद. टाकी रिकामी व्हायला पंधरा सेकंद लागत असतील तर ते जवळजवळ आठ टक्के झाले. म्हणून ओतायला सुरुवात अशी करा की १९५ व्या सेकंदाला टाकी रिकामी असेल.

गिरणगाव

धागा उत्तम, पण मी थोडा वेगळा सूर लावतो. मी मुंबईत राहतो आणि गेली काही वर्षं ३० अंशांना, ८ मिनिटं धुतो. ही माझी मनची वेळ नव्हे, टेटेनाल कंपनीच्या किटमध्ये ३८ सोबत ३० अंशांचा पर्याय छापलेलाच असायचा. आमच्याकडे बाराही महिने खोली २८-३० च्या घरात असते. डेव्हलपर ३० ला असला तर तो निवायला जाईल कुठे? टाकी गरम नको, टब नको. आठ मिनिटांत पंधरा सेकंदांची चूकही नगण्य. ३७.८ चं ध्येय ठेवून प्रत्यक्षात ३५ ते ३८ मध्ये हेलकावे खाण्यापेक्षा ३० ला ठाम उभं राहणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. दर रोल सारखा येतो, आणि स्कॅनिंगमध्ये एकदा बसवलेलं कर्व्ह (रंग-उजेडाची जुळणी) सगळ्यांना लागू पडतं.

अंधारखोली

@गिरणगाव, सातत्याचा तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. तोच तर सगळ्याचा गाभा आहे. पण थरांचा प्रश्न ३० ला सुटत नाही, फक्त स्थिर होतो. वेळ वाढवून एका थराची घनता जागेवर आणता येते, तिन्ही थरांची एकदम आणता येत नाही. स्कॅन करून तिन्ही रंगांचे कर्व्ह वेगवेगळे हलवणाऱ्याला ते चालून जातं. पण मी अजूनही एन्लार्जरखाली (निगेटिव्ह मोठं करून पाडणाऱ्या यंत्राखाली) कागदावर रंगीत प्रिंट काढतो. तिथे हातात फक्त फिल्टर असतात, आणि फिल्टर सावल्या व उजेड दोन्हींना एकाच दिशेने ढकलतो. तिरके गेलेले रंग तिथे सरळ होत नाहीत.

ज्याला स्वतः पाहायचं असेल त्याने एकाच रोलवर राखाडी कार्ड, पांढरा कागद आणि काळं कापड एकत्र ठेवून, एक्स्पोजर कमी-जास्त करत काही फ्रेम घ्याव्यात. रोल अंधारात कापून अर्धा ३० ला आणि अर्धा ३७.८ ला धुवावा. राखाडी कार्ड तटस्थ करून मग काळ्या कापडाकडे पाहायचं.

गिरणगाव

प्रिंटचा मुद्दा पटला. मी फक्त स्कॅन करतो, त्यामुळे माझं समाधान होतं. नवीन माणसाने मात्र पहिला रोल टाकून बसण्यापेक्षा ३० ला सुरुवात करावी, हे माझं मत कायम.

सायफन

कुणीतरी थर्मामीटरबद्दल बोला. बाजारातल्या स्वस्त डिजिटल प्रोबवाल्यांत अंशभराचा फरक सहज असतो. माझ्याकडचे दोन एकाच ग्लासात वेगवेगळं सांगतात. मग ०.१५ अंशांच्या गप्पा कशाच्या जोरावर?

अंधारखोली

@सायफन, या प्रश्नाचं उत्तर आपल्या प्रत्येकाच्या घरात औषधांच्या डब्यात पडलेलं आहे. तापाचा थर्मामीटर! आपण ताप फॅरनहाइटमध्येच मोजतो, आणि १०० फॅरनहाइट म्हणजेच ३७.८ सेल्सिअस. चांगला डिजिटल तापमापक याच पट्ट्यात ०.१ अंशापर्यंत विश्वासाचा असतो, कारण तो बनवलाय याच पट्ट्यासाठी.

पण तो रोजच्या मापनाला वापरू नका. तो सर्वांत जास्त आकडा धरून ठेवतो, त्यामुळे पाणी निवत असेल तर ते त्याला कळत नाही. दर वेळी बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. त्याचा उपयोग दुसरा थर्मामीटर जुळवायला करायचा. एका भांड्यात ३८ च्या आसपास पाणी, नीट हलवत राहायचं, दोन्हींची टोकं शेजारी शेजारी. प्रोबवाला ३८.६ म्हणतोय आणि तापाचा १०० म्हणतोय, तर प्रोबवर चिकटपट्टी लावून लिहायचं: "३८.६ = १००". झालं. बर्फाच्या पाण्यात शून्य तपासलेला थर्मामीटर ३८ ला बरोबर असेलच असं नाही, म्हणून तपासणी कामाच्या आकड्यावरच करायची.

काचेचा जुना पाऱ्याचा असेल तर मात्र या कामाला घेऊच नका. त्याची पट्टी ४२ ला संपते, जास्त गरम पाण्यात तो फुटतो, आणि पारा घरात सांडणं फार वाईट.

रानवाट

वाचनखूण साठवली. तापाच्या थर्मामीटरची युक्ती आजवर कुठे वाचली नव्हती. धन्यवाद!

वैदर्भीय

तुम्ही पुणे-मुंबईवाले पाणी गरम कसं ठेवायचं यावर बोलताय. आमच्या नागपुरात मे महिन्यात प्रश्न उलटा असतो. बाहेर ४५, गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी अंगावर घेववत नाही, खोली चाळिशीला. टबातलं पाणी बसल्या बसल्या वर चढतं. गरम करणारं कुठलंही यंत्र इथे कामाचं नाही, कारण त्याला गरमच करता येतं, गार करता येत नाही.

उन्हाळ्यात मी पहाटे धुतो. धुलाईचं पाणी आदल्या रात्री बादल्यांत भरून घरात ठेवतो, म्हणजे ते ४१ च्या आत राहतं. टब वर जायला लागला तर माठातलं गार पाणी तांब्या-तांब्याने घालतो, हिशोब वर अंधारखोलींनी दिलाय तोच, फक्त उलट्या दिशेने. बर्फ थेट टाकत नाही, एका जागी गार आणि बाकी गरम असं होतं. डेव्हलपरची पावडर कालवलेली बाटली मात्र उन्हाळ्यात खोलीत उघडी-अर्धी ठेवू नका. उष्णतेने आणि हवेने ती लवकर काळवंडते. काठोकाठ भरून, झाकण घट्ट, घरातल्या सर्वांत गार अंधाऱ्या कोपऱ्यात.

अंधारखोली

@वैदर्भीय, हे लिहिल्याबद्दल खूप आभार. जेव्हा खोलीच ३७-३८ असते तेव्हा तुमच्याकडे टाकी आधी गरम करायचीही गरज नाही. त्या दिवसांत तुमची खोलीच तुमचा टब!

हिमपक्षी

टोरंटोहून. आमचं तळघर हिवाळ्यात १५-१६ अंश असतं. मी सूवीड स्टिक वापरते, म्हणजे भांड्याला अडकवायची दांडी, जी पाणी तापवते आणि फिरवतेही. तिचा खरा फायदा फिरवण्यात आहे. न फिरणाऱ्या टबात वर आणि तळाशी वेगळं तापमान असतं. पण दांडीने ३८ दाखवलं म्हणजे बाटलीत ३८ झाले असं नाही. जाड प्लास्टिकच्या बाटलीला अर्धा तास सहज लागतो. अधूनमधून बाटली हलवावी आणि मोजमाप बाटलीच्या आत घ्यावं. स्टीलच्या बाटल्या पटकन तापतात. स्टीलची टाकीही तशीच, पण ती तितक्याच पटकन निवते, म्हणून ती टबातून बाहेर काढून उलटीपालटी करत बसू नये.

सायफन

माशांच्या टाकीचा हीटर चालेल का? घरी पडून आहे.

हिमपक्षी

बहुतेकांचा थर्मोस्टॅट ३२-३४ च्या पुढे जात नाही. गिरणगावांच्या ३० अंशांच्या पद्धतीला मात्र अगदी योग्य.

अंधारखोली

बादलीत सोडायच्या साध्या हीटर रॉडबद्दल कळकळीने सांगतो. त्याला थर्मोस्टॅट नसतो, आणि तो चालू असताना पाण्यात हात किंवा स्टीलची टाकी घालणं जिवावर बेतू शकतं. वापरायचाच तर वेगळ्या बादलीत पाणी तापवा, प्लग काढा, रॉड बाहेर काढा, मगच ते पाणी टबात घ्या. अंधारात, ओल्या हातांनी, घाईत असलेल्या माणसाजवळ जिवंत रॉड नकोच.

आणि हातमोजे घालाच. डेव्हलपरमधलं सीडी-४ हे रसायन कातडीला लागत राहिलं तर ॲलर्जी होते, आणि एकदा झाली की ती जात नाही. भांडी, मापं, टब पुन्हा स्वयंपाकात नेऊ नयेत. ब्लीच आणि फिक्सर एकत्र असलेलं ब्लिक्स वापरत असाल तर टाकीत वायूचा दाब तयार होतो. पहिल्या हलवण्यानंतर झाकण हळूच सैल करून पुन्हा लावा, नाहीतर फवारा उडतो.

मांडवी

पणजीहून. वीज जाण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. आमच्याकडे पावसात ती हटकून जाते. मी टब म्हणून मासळी भरून येते तो थर्माकोलचा डबा वापरतो. स्वच्छ धुऊन उन्हात ठेवला की वास जातो. झाकणाला टाकी आणि बाटल्यांपुरती भोकं पाडली आहेत. वीज गेली तरी रोल पूर्ण होईपर्यंत पाण्याचं तापमान नावापुरतं हलतं.

कोकण-गोव्यातल्यांसाठी आणखी एक. शेवटचं स्टॅबिलायझर किंवा फायनल रिन्स टाळू नका, आणि त्यानंतर पुन्हा साध्या पाण्यात धुऊ नका. त्यात बुरशीला रोखणारं द्रव्य असतं, ते फिल्मवर राहायला हवं. आमच्या हवेत ते नसलेल्या निगेटिव्हवर पावसाळ्यात जाळी धरते. शेवटचं पाणी बोअरचं नको, आरओचं किंवा डिस्टिल्ड घ्या. डाग पडत नाहीत.

नवा_गडी

दुसरा रोल धुतला. ३९ च्या पाण्याने टाकी दोनदा गरम केली. डेव्हलपर ३८.० ला घातला, ३७.४ ला बाहेर आला. कडेची अक्षरं आता जुन्या निगेटिव्हइतकी गडद आहेत. सावल्यांतली झाकही गेली. फक्त पूर्ण रोल जरा मळकट वाटतोय, रंग दबलेले आणि दाणे जास्त. ब्लिक्स थंड झालं होतं, २६ च्या आसपास. पण ते २४ च्या वर असल्याने मी वेळ वाढवली नाही.

अंधारखोली

वा! अक्षरं जुळली म्हणजे अवघड भाग जमला.

मळकटपणाचं कारण बहुधा राहून गेलेली चांदी. २४ ते ४१ चा पट्टा कोडॅकच्या वेगळ्या ब्लीच-फिक्सरचा आहे. किटमधलं ब्लिक्स दुबळं असतं, ते त्याच्या कागदावर दिलेल्या तापमानालाच घ्यायचं, आणि थंड असेल किंवा त्यात आधी बरेच रोल झाले असतील तर भरपूर जादा वेळ द्यायचा. आनंदाची गोष्ट अशी की हा दोष परत दुरुस्त होतो. तोच रोल पुन्हा रिळावर चढवा, ३८ च्या ताज्या ब्लिक्समध्ये दहा मिनिटं ठेवा, धुवा, स्टॅबिलायझर. हे उजेडात केलं तरी चालतं. डेव्हलपरची चूक मात्र अशी मागे घेता येत नाही, म्हणून सगळी काळजी तिथे.

रानवाट

याच मांडणीत स्लाइड फिल्म आणि सिनेमाची फिल्म धुता येईल का? आजकाल सिनेमाच्या फिल्मचे कापून भरलेले रोल मिळतात.

अंधारखोली

स्लाइडसाठी ई-६ प्रक्रिया. पहिला डेव्हलपर ३८ अंश, ६ मिनिटं, सूट अधिक-उणे ०.३ च्या आसपास. आकड्यांत ते सी-४१ पेक्षा सोपं दिसतं, वेळ लांब असल्याने ओतण्यातली चूकही कमी पडते. पण स्लाइड हेच अंतिम चित्र असतं. पहिल्या डेव्हलपरमध्ये घनता जी ठरेल ती ठरली, प्रिंट करताना सावरून घ्यायची सोय नाही. निगेटिव्हवर हात बसला की मगच जा.

सिनेमाच्या निगेटिव्हची प्रक्रिया ईसीएन-२. तिचा डेव्हलपर वेगळा, ४१.१ अंश, ३ मिनिटं. बऱ्याच फिल्मच्या पाठीवर रेमजेटचा काळा थर असतो, तो आधी अल्कलीच्या द्रावणात सैल करून पाण्याने घालवावा लागतो. तो न काढता रोल सी-४१ मध्ये टाकलात तर काजळी सगळ्या रसायनांत उतरते, आणि लॅबला दिलात तर त्यांचं यंत्र खराब होतं. कुणालाही न सांगता असा रोल लॅबमध्ये टाकू नका. टब, बाटल्या, टाकी आधी गरम करण्याची पद्धत, सगळं हेच चालेल. ४१.१ म्हणजे १०६ फॅरनहाइट. तापाचा थर्मामीटर तिथवर जातो, तेव्हा प्रोबवर दुसरी चिकटपट्टी त्या आकड्याची लावून घ्या.